सोमवारचा कापूस

हा माणूस मला आवडायचा नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं लपवून ठेवलं. मी सातवी नापास. भोसरीला लेथवर चौतीस वर्षं काढली. तिथं वाकडं काम केलं की जॉब फुकट जातो, तेव्हा वाकडं बोलायचीही सवय राहिली नाही. नंतर मुलाची नोकरी सिंगापूरला लागली, तो इथलाच झाला, आणि आम्हा दोघांना त्यानं बिशानला आपल्या फ्लॅटवर आणलं. तिथं हा माणूस भेटला. म्हणजे मला नाही भेटला. आमच्या हिला भेटला.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला छपराच्या वाटेनं तो कॉफी शॉपकडं यायचा. दोन्ही कानांत कापसाचे बोळे. अंगात निळा, ढगळ, गुडघ्याला टेकणारा खेळाडूचा शर्ट, पाठीवर ताटाएवढा आकडा. आणि त्याखाली कडक इस्त्रीची पँट, काळे चकचकीत बूट. वरून जत्रेतला, खालून बँकेतला. बँकेतला तो होताच. रॅफल्स प्लेसला मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला. आम्ही घरात त्याला बँकवाला म्हणायचो. म्हणजे मी म्हणायचो. ही भाऊजी म्हणायची.

कापूस कशाला, तर अमेरिकेतला फुटबॉल. आपला पायानं मारायचा नव्हे. तिकडचा, डोक्यावर लोखंडी टोप घालून एकमेकांच्या अंगावर जायचं, तो. तिकडं रविवारी मॅच होते तेव्हा इकडं सोमवार उजाडायचा असतो. हा ती रेकॉर्ड करून ठेवायचा आणि दहा वाजता कॉफी शॉपमध्ये बसून टॅबवर बघायचा. तोपर्यंत निकाल कानावर पडू नये म्हणून कापूस. आता मला सांगा, बिशानमध्ये भाजी निवडणाऱ्या, नातवंडांना शाळेत सोडणाऱ्या, बागेत हात हलवत व्यायाम करणाऱ्या माणसांत त्याला अमेरिकेतला निकाल सांगणारं होतं कोण? पण कुणी गुड मॉर्निंग म्हणलं तरी तो ट्रॅफिक पोलिसासारखा तळहात पुढं करायचा. कॉफी तयार झाल्याची हाक मात्र कापसातूनही बरोबर ऐकू यायची.

लग्न केलेलं नव्हतं. तरुणपणी बँकेनं दोन वर्षं अमेरिकेत पाठवला होता, बर्फाच्या गावात. तिथं एकट्यानं खोलीत बसून हा खेळ बघायला शिकला, तो सुटलाच नाही. पलीकडच्या ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावर राहायचा, पण लिफ्टनं दहाव्यापर्यंतच जायचा आणि एक मजला चढायचा. कारण एकदा लिफ्ट दहाव्यावर अडकली होती आणि त्या दिवशी त्याची टीम जिंकली होती. साठी उलटलेला, इंग्रजी फाडफाड बोलणारा माणूस. मला दुसऱ्या कुणी असलं सांगितलं असतं तर मी म्हणलं असतं, शाळेत न गेलेलं बरं.

कोपी-ओ, म्हणजे बिनदुधाची काळी कॉफी, ती प्यायचा आणि शेवटचा घोट ठेवायचा. मॅच संपली की तो गार घोट घ्यायचा. त्याआधी कपाला हात लावायचा नाही.

ही त्याला कशी सापडली ते सांगतो. माझे गुडघे गेलेले, मी सकाळी घरातच. ही पार्कात फिरून येताना चहाला थांबायची. एक दिवस पलीकडच्या टेबलावर एक माणूस टॅबकडं बघून ओरडला, “अरे सोड, सोड, आता तरी सोड!” मराठीत. ही वळली आणि म्हणाली, “कुणाला सोडायला सांगताय?” झालं. दुपारी घरी आली ती सगळा खेळ शिकून. जेवताना मला सांगायला लागली, अहो, चार वेळा संधी मिळते, त्यात दहा यार्ड पुढं सरकायचं, सरकलं तर परत चार, नाही तर बॉल समोरच्यांना. त्यानं टेबलावर एका बाजूला टिशूची पाकिटं आणि दुसऱ्या बाजूला चिलीच्या वाट्या मांडून शिकवलं होतं. मी म्हणलं, आमटी वाढ.

पण तीन-चार सोमवार गेल्यावर मीही खाली गेलो. गुडघे धरून गेलो. कोण आहे हा, बघू तरी.

टेबलावर तिघं. हा, आमची ही, आणि एक चिनी अंकल, जन्मभर टॅक्सी चालवलेला. त्या अंकलचं इंग्रजी मला कळतं. माझ्या मुलाचं कळत नाही. चौथ्या खुर्चीवर टिशूचं पाकीट ठेवलेलं. इथली पद्धतच आहे, खुर्चीवर टिशूचं पाकीट ठेवलं की ती खुर्ची धरलेली, कुणी बसत नाही. मी विचारलं, ही कुणाची? तो म्हणाला, “तुमची. वहिनी म्हणाल्या, आज ना उद्या येतील, म्हणून तीन आठवडे धरतोय.”

आता यावर माणसानं खूश व्हावं. मला राग आला. माझी खुर्ची धरणारा तू कोण?

त्यांचा सगळा जीव एका पोरावर होता. एकवीस-बावीस वर्षांचा क्वार्टरबॅक. म्हणजे बॉल पहिल्यांदा ज्याच्या हातात येतो आणि पुढं कुणाकडं फेकायचा ते जो ठरवतो, तो. बँकवाला त्याला धाकटा म्हणायचा. टीममध्ये सगळ्यात लहान म्हणून. मग हीसुद्धा धाकटा म्हणायला लागली, जसा काही आपल्या पोटचा. ह्या धाकट्याची खोड अशी की मॅचभर साधारण खेळायचा, टीम मागं पडायची, आणि शेवटची दोन मिनिटं उरली की अंगात यायचं. मैदानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत टीमला ओढत न्यायचा आणि घड्याळ संपता संपता जिंकून द्यायचा. एकदा नाही, बऱ्याचदा. मग मॅच संपल्यावर तासभर चर्चा.

बँकवाल्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. “अठ्ठावन्न मिनिटं मांडव, दोन मिनिटं लग्न.” खेळ साठ मिनिटांचा असतो म्हणून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणलं, “तुमचा मांडवच पडला नाही, तुम्हाला लग्नातलं काय कळतं?” ही माझ्याकडं नुसती बघत राहिली आणि संध्याकाळपर्यंत बोलली नाही. तो मात्र हसला. म्हणाला, “म्हणून तर दुसऱ्याच्या लग्नाला वेळेवर जातो.”

अंकल म्हणायचा, पोरगं नशीबवान आहे. “लक, ला. ओन्ली लक.” हे ला म्हणजे आपल्या बुवासारखं, इथं सगळे शेवटी लावतात. बँकवाला म्हणायचा, नशीब एकदा येतं, दर सोमवारी येत नाही, ही छाती आहे. दोघं त्यावर भांडायचे. ही ऐकत बसायची. एका सोमवारी ती मध्येच म्हणाली, “त्याच्या खांद्यांकडं बघा.”

कुणाला कळेना. तिनं मॅच मागं घ्यायला लावली. म्हणाली, पहिल्या भागात बघा, त्याचे खांदे वर आहेत, कानाला लागलेत. आता शेवटाला बघा. खांदे खाली. “हुतूतूत दम संपत आलेल्या गड्याचे खांदे वर जातात, मग समजायचं की आता ह्याला पकडायचा. ह्याचं उलटं आहे. वेळ संपत आला की हा सैल होतो. वेळ असतो तोपर्यंतच ह्याला भीती वाटते.”

बँकवाल्यानं टेबलावर हात आपटला. चाळीस वर्षं हा खेळ बघतोय, खांद्याकडं कधी बघितलं नव्हतं, म्हणाला. अंकलनंही मान डोलावली.

मी विचारलं, तुला हुतूतूतलं काय माहीत?

ती म्हणाली, मी शाळेच्या संघात होते की. तालुक्याला गेलो होतो आम्ही. आणि हा बँकवाला मला सांगतोय, हो हो, उजव्या कोपऱ्याला खेळायच्या वहिनी, मागच्याच आठवड्यात बोलल्या.

त्रेचाळीस वर्षांचा संसार. तिच्या गुडघ्यावर जुनी खूण होती, मला वाटायचं लहानपणी पडली असेल. ती तालुक्याच्या मॅचमधली निघाली. मला त्रेचाळीस वर्षांत कळलं नाही ते ह्या माणसाला दोन महिन्यांत कळलं होतं. घरी येताना लिफ्टमध्ये मी म्हणलं, मला का नाही कधी सांगितलंस?

“तुम्ही कधी विचारलंत?” ती म्हणाली. रागानं नाही. साधं.

लिफ्टचं दार उघडलं, ती बाहेर पडली, मी आतच राहिलो आणि लिफ्ट मला घेऊन वर गेली.

त्यानंतर माझं डोकं फिरलं ते फिरलंच. सगळं खुपायला लागलं. त्यानं धाकट्याचा फोटो छापून दिला, तो हिनं फ्रिजवर गणपतीच्या चुंबकाखाली लावला. पाणी प्यायला गेलं की ते गोरं पोरगं माझ्याकडं बघून हसायचं. मी सत्तरीचा म्हातारा, नातू शोभेल अशा पोराचा मत्सर करत दार आपटायचो. घरात चहाच्या कपाच्या तळाशी घोट राहायला लागला. ही चहा ठेवून द्यायची आणि कुकरची शिट्टी झाली, नाही तर कपडे वाळत घालून झाले, की मग तो गार घोट प्यायची. “मॅच संपली,” म्हणायची आणि स्वतःशीच हसायची. तिला इतकं हसताना मी भोसरीत बघितलं नव्हतं. भोसरीत मी दोन पाळ्या करायचो आणि घरी येऊन झोपायचो, ते वेगळं.

वाईट काही नव्हतं त्यांच्यात. ते मला तेव्हाही ठाऊक होतं. वाईट असतं तर भांडता आलं असतं.

मग तिच्या पोटात दुखायला लागलं. नोव्हेनाला हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी मला आणि मुलाला बाहेर खोलीत बसवलं आणि सांगितलं. मुलानं मला मराठीत सांगितलं, पण त्याचा चेहरा बघूनच मला कळलं होतं. फार दिवस नव्हते. आम्ही तिथल्या तिथं ठरवलं, तिला सांगायचं नाही. आपल्याकडं असंच करतात. डॉक्टरीणबाईंना ते पटलं नाही, पण मुलानं हात जोडले. मी आत गेलो आणि हिला म्हणलं, आतड्याला सूज आहे, औषधानं उतरेल. ती म्हणाली, “बरं.”

पाच आठवडे मी रोज तिला हेच सांगत होतो. आज तोंडावर तेज आहे. आज दोन घास जास्त गेले. ती विचारायची, “काय वाटतं तुम्हाला? होईन ना बरी?” मी म्हणायचो, होणारच. आणि मनात म्हणायचो, एवढी एक गोष्ट तरी मी नीट करतोय.

बिशानवरून नोव्हेना तीन स्टेशनं. मी सकाळी आठला जायचो. सोमवारी दहाला हा यायचा. निळा शर्ट, बूट, कानांत कापूस. नर्स त्याला ओळखायला लागल्या होत्या, त्या आपल्या ओठांवर बोट ठेवून हसायच्या. तो टॅब तिच्या मांडीवरच्या टेबलावर ठेवायचा आणि दोघं बघायचे. मी खिडकीकडं तोंड करून बसायचो. मला ती म्हणायची, या ना इकडं, बघा तरी. मी म्हणायचो, मला त्यातलं कळत नाही. कळत होतं. सगळं कळत होतं.

शेवटच्या सोमवारी ती सकाळी मला म्हणाली, “जरा केस विंचरता का? भाऊजी येतील.”

मी विंचरले. किती थोडे राहिले होते. टिकली लावून दिली. कंगवा फिरवताना तिचे खांदे अगदी सैल, खाली आलेले होते, हे मला हाताला कळलं, पण तेव्हा माझं लक्ष दुसरीकडं होतं. भाऊजी येतील म्हणून केस. माझ्यासाठी कधी विंचरले होतेस? हे मी बोललो नाही, पण कंगवा जोरात ठेवला. म्हणलं, मी चहा पिऊन येतो.

खाली गेलो आणि बाकावर बसलो. चहा संपला. मी बसूनच राहिलो. दहाचे बारा झाले, साडेबारा झाले. वर त्यांचा खेळ चालला असेल, संपू दे, मग जातो. असा बसलो. वर जायला निघालो तेव्हा लिफ्टमधून तोच बाहेर आला. टॅब छातीशी धरलेला. मला बघून थांबला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी त्याच्याशेजारून लिफ्टमध्ये शिरलो आणि दार बंद होऊ दिलं.

ती झोपली होती. शेजारी तिचा कप होता, तळाशी घोटभर चहा राहिलेला. तो मी बेसिनमध्ये ओतला आणि कप धुऊन ठेवला.

संध्याकाळी जरा जागी झाली. म्हणाली, “चहा एवढा लांब होता का?” मी म्हणलं, गर्दी होती. त्यानंतर ती फारसं बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. मी जवळ होतो. तेवढं देवानं केलं.

दिवस झाले, सगळं झालं. मुलगा आणि सून कामावर जायला लागली. घरात बसवेना म्हणून मी कॉफी शॉपवर जायला लागलो, आणि तिथं बघतो तर काय, हा माणूस रोज कानांत कापूस घालून बसलेला. सोमवार नाही, काही नाही. मंगळवारी कापूस, शुक्रवारी कापूस. अंकल समोर गप्प. टॅब नाही, धाकटा नाही, मांडव नाही, लग्न नाही. आणि शेजारच्या खुर्चीवर टिशूचं पाकीट.

तिची खुर्ची.

दुकानात जेवायच्या वेळी लोक ताटं घेऊन उभे असायचे, ती खुर्ची मोकळी दिसली की यायचे, पाकीट दिसलं की परत जायचे. हा कुणाला उठवायचा नाही, बोलायचा नाही. फक्त ते पाकीट. मला असं झालं की उचलावं आणि फेकून द्यावं. बायको माझी गेली. सुतक मला. आणि हा गावभर दुःख मांडून बसलाय, जगाचं ऐकणं बंद करून. मी त्याच्या टेबलावर बसलो नाही. दोन टेबलं सोडून बसायचो आणि त्याच्याकडं बघायचो.

पाच-सहा आठवडे असे गेले. फेब्रुवारी लागला, दुकानांवर चिनी नववर्षाचे लाल कंदील लागले. एक दिवस अंकल कप घेऊन माझ्या टेबलावर आला. मी विचारलं, तुझ्या दोस्ताला काय झालंय, कान दुखतात का? अंकल म्हणाला, नाही. शेवटच्या सोमवारी हॉस्पिटलात जी मॅच बघत होते ना, ती अर्धवट राहिली. त्यानं शेवट बघितलेला नाही. निकाल कळू नये म्हणून कापूस काढत नाही, त्यानंतरची एकही मॅच बघत नाही. “डाय डाय डोंट वॉन्ट टू नो, ला.” काही झालं तरी कळून घ्यायचं नाही म्हणतो.

मला जे वाटलं ते लिहितो. आनंद वाटला. हत्यार सापडल्यासारखा.

संध्याकाळी मुलाला म्हणलं, तुझ्या फोनवर बघून सांग, आई शेवटची बघत होती त्या मॅचचं काय झालं. तो म्हणाला, बाबा, तुम्हाला कशाला? म्हणलं, सांग. त्यानं शोधलं. म्हणाला, हरले. शेवटच्या क्षणाला त्या पोरानं बॉल फेकला तो समोरच्या टीमनं मध्येच पकडला. एवढं बोलून तो माझ्याकडं बघत राहिला. हिनं फ्रिजवर लावलेला फोटो अजून तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलीकडच्या ब्लॉकमध्ये गेलो. अकराव्या मजल्यावर, सरळ अकराव्यावर. लिफ्टमध्ये वाक्य घोटत होतो. तुमचा धाकटा हरला. एवढंच म्हणायचं, त्याचा चेहरा बघायचा आणि परत यायचं. तिच्याबरोबरचा तो उरलेला खेळ त्यानं जपून ठेवला होता ना, तो मोडून टाकायचा. मग तोही माझ्यासारखाच, हातात काही नाही.

त्यानं दार उघडलं. कापूस होताच. मला बघून तो जराही चकित झाला नाही.

“आलात,” म्हणाला. “या. मी वाटच बघत होतो.”

घरात मोठा टीव्ही, त्याच्यासमोर दोन खुर्च्या. एका खुर्चीवर टिशूचं पाकीट. मी उभाच राहिलो. म्हणलं, कापूस काढा, मला एक सांगायचंय.

“आधी मला सांगू द्या. हॉस्पिटलात लिफ्टपाशी सांगणार होतो, तुम्ही थांबला नाहीत. नंतर तुम्ही माझ्या टेबलाकडं येईनात, आणि तुमच्या घरी यायचं मला धाडस झालं नाही.” तो खाली बसला. “एक मिनिट बावन्न सेकंद राहिली होती. बॉल धाकट्याच्या हातात आलेला. वहिनींनी हात वर केला. म्हणाल्या, थांबवा भाऊजी. ते येऊ देत. शेवट त्यांच्याबरोबर बघायचाय. आम्ही अर्धा तास थांबलो. मग त्यांना झोप लागायला लागली. म्हणाल्या, माझ्याच्यानं नाही झालं तर तुम्ही दोघं बघा. त्यांच्याशिवाय बघू नका.”

 बेसिनमध्ये ओतलेला तो घोट डोळ्यांपुढं आला.

“ही खुर्ची तुमची आहे,” तो म्हणाला. “कॉफी शॉपमधली वहिनींची, ही तुमची.”

मी बसलो.  मग विचारलं, आणखी काय म्हणाली?

त्यानं टेबलावरचा रिमोट उचलला, परत ठेवला. “त्यांना ठाऊक होतं,” म्हणाला. “आजाराचं. पहिल्या दिवसापासून. मला म्हणाल्या, ह्यांना तोंड लपवता येत नाही. बाहेरून आत आले तेव्हाच मला निकाल कळला. पण बरी होशील असं म्हणताना त्यांच्या आवाजात जरा बळ येतं, तेवढ्यासाठी विचारते रोज. तुम्ही सांगू नका त्यांना.”

पाच आठवडे. रोज विचारायची, काय वाटतं तुम्हाला. मी समजत होतो मी तिला सांभाळतोय.

तो उठला आणि टीव्ही लावला. चित्र थांबलेलं होतं तिथंच, कोपऱ्यात एक मिनिट बावन्न सेकंद. आमची टीम चार गुणांनी मागं. आमची म्हणालो मी, पण लिहिलं तसं राहू दे. मग त्यानं कानातले बोळे काढले आणि टेबलावर ठेवले. कान लालभडक झाले होते, आतून सोलवटलेले. माझ्याकडं वळून म्हणाला, “तुम्ही काहीतरी सांगणार होता.”

म्हणलं, “काही नाही. लावा.”

मैदानाचं ते टोक फार लांब होतं. धाकट्यानं पहिला बॉल बाजूला फेकला, ज्यानं पकडला तो रेषेबाहेर गेला. रेषेबाहेर गेलं की घड्याळ थांबतं. परत फेकला. परत. मध्ये एकदा स्वतःच बॉल घेऊन पळाला आणि चार राक्षस अंगावर पडले, तरी उठला. मी त्याच्या खांद्यांकडं बघत होतो. खाली होते, अगदी सैल. कंगवा फिरवताना माझ्या हाताखाली होते तसे.

नऊ सेकंदं राहिली. बारा यार्ड. बँकवाल्यानं माझं मनगट धरलं.  त्याचा सकाळचा कप टेबलावर तसाच, तळाशी घोट.

“काय वाटतं तुम्हाला?” त्यानं विचारलं. “मॅच काढेल?”

मी त्याच्याकडं बघितलं नाही. मला तोंड लपवता येत नाही, हे मला नुकतंच कळलं होतं.

“काढणारच,” मी म्हणलं.

बॉल गेला आणि समोरच्यांनी पकडला. लोक ओरडले, घड्याळ संपलं.  मग बँकवाल्यानं तो गार घोट घेतला, कप ठेवला आणि म्हणाला, “चांगला खेळला.” म्हणलं, हो, चांगला खेळला. मला निकाल आधीच माहीत होता हे मी त्याला सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

निघताना दारात मी थांबलो. म्हणलं, एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कॉफी शॉपमधली तिची खुर्ची. तिच्यावर यापुढं पाकीट मी ठेवणार. तुम्ही नाही.

 त्याला ते लागलं, मला दिसलं, आणि थोडं बरंही वाटलं.

“ठेवा,” म्हणाला.

त्याला वर्ष झालं. धाकटा अजून खेळतो, कधी काढतो, कधी नाही. अंकल अजून लक म्हणतो. बँकवाला सोमवारी कापूस घालून दहाला येतो, माझ्या मनातून अजून तो पुरता उतरलेला नाही आणि पुरता चढलेलाही नाही. मी साडेनऊलाच जाऊन बसतो. खिशातून टिशूचं पाकीट काढून तिच्या खुर्चीवर ठेवतो, आणि तो येईपर्यंतचा अर्धा तास तिथं आम्ही दोघंच असतो.